जाळी काळी पडली, म्हणून काय तिला झोडपायचं?

पत्र

नाशिकच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून त्याचा सारांश देते.

गंगापूर रोड संपून धरणाकडे रस्ता जातो, त्या बाजूला त्यांचा बंगला आहे. ताई आणि त्यांचे मिस्टर दोघंही निवृत्त. धाकटा मुलगा फ्लोरिडात असतो. पाच वर्षांपूर्वी त्यानं मागच्या अंगणात छोटा स्विमिंग पूल बांधून दिला. तिकडे घरोघरी असते तशी, वरून आणि चारही बाजूंनी जाळी लावलेली अ‍ॅल्युमिनियमची खोलीही त्यावर उभारून घेतली. सुरुवातीची दोन वर्षं हौसेची गेली. आता उत्तरेकडची जाळी हिरवी पडली आहे, कोपरे काळे झाले आहेत, सांगाड्यावर पांढरे ओघळ आहेत आणि एका ठिकाणी संक्रांतीच्या मांजानं जाळी चिरली आहे. दिवाळीला मुलगा, सून आणि दोन लहान नाती येणार आहेत. मिस्टर म्हणतात, गाडी धुतात ते प्रेशर मशीन आणू, एका दुपारीत चकाचक. बाग बघणारा गडी म्हणतो, अ‍ॅसिड मारा, डाग शिल्लक राहणार नाही. ताईंना वाटतं, सगळंच काढून टाकावं आणि सुटावं. पण मुलानं प्रेमानं दिलेली वस्तू. "गड्यानं वेळच्या वेळी लक्ष दिलं असतं तर ही वेळ आली नसती. उत्तरेला मधुमालती चढवली आहे, तेवढीच काय ती बाजू शोभेची. मुलगा बघून काय म्हणेल, या विचारानं झोप लागत नाही," असं त्यांनी लिहिलं आहे.

उत्तर

ताई,

आधी दोन कामं करा आणि मग हे पुढचं वाचा. मिस्टरांनी मशीन सांगितलं असेल तर जाळीसाठी नको म्हणून कळवा. आणि गड्यानं अ‍ॅसिडची बाटली आणून ठेवली असेल तर ती ताब्यात घ्या. दिवाळीला अजून वेळ आहे, बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात हिरवं, काळं, पांढरं आणि चिरलेलं असं सगळं एकाच रागात आलं आहे. ही चार वेगवेगळी दुखणी आहेत आणि चौघांची औषधं वेगळी. हिरवं म्हणजे शेवाळ. काळं म्हणजे बहुतेक करून बुरशी, तिच्यात उन्हाळ्याची धूळ बसलेली. पांढरे ओघळ म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. आपल्याकडच्या काळ्या खडकातलं पाणी जड असतं. गीझरच्या कॉइलवर जो थर चढतो तोच इथे सांगाड्यावर बसला आहे. चिरलेली जाळी तर घाणच नाही, ती दुरुस्तीची बाब आहे. मशीन आणि अ‍ॅसिड ही या चारांपैकी एकाचंही औषध नाही.

का नाही, ते जाळी जवळून पाहिली की कळतं. ही जाळी म्हणजे काचतंतूचा (फायबरग्लासचा) धागा आणि त्यावर पीव्हीसीचा पातळ लेप. नेहमीच्या जाळीत एका इंचात एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला १४ किंवा १६ धागे असतात, आणि धाग्याची जाडी पाव मिलीमीटरच्या जरा वर. ती सांगाड्याला कुठेही खिळ्यानं ठोकलेली नसते. कडेच्या खाचेत जाळी घालून वरून रबराची दोरी दाबून बसवतात, तेवढ्यावर सगळा ताण असतो. आता गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास, आणि घरगुती प्रेशर मशीन पाणी फेकतं शंभर बार किंवा त्याहून जास्त दाबानं. तो झोत रबरावर पडला की रबर खाचेतून उडी मारून बाहेर येतं, जाळीला पोट सुटतं, आणि सांगाड्यावरच्या रंगाच्या थराला, म्हणजे पावडर कोटिंगला, जिथे आधीच बारीक टवका गेला असेल तिथून पाणी आत शिरून पापुद्रे सुटतात. त्या दुपारी सगळं चकाचक दिसेल यात शंका नाही. पण पुढच्या पावसाळ्यात खर्च कशाचा निघतो ते बघा.

अ‍ॅसिडची गोष्ट याहून वाईट. टाइल्स धुवायला मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि ते अ‍ॅल्युमिनियम खातं. डाग जातो, कारण त्याच्याखालचा धातूच जातो. धुण्याच्या सोड्याचंही तेच. आपल्या पिढीतल्या कुणाही बाईला हे सांगायला नको. सोड्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं टाकलं की ते काळं पडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तोच धातू तुमच्या अंगणात खांब होऊन उभा आहे. तेव्हा जहाल आम्ल नको आणि जहाल खारही नको.

यात एक जिवाचा धोकाही आहे. तो सगळ्याच वाचकांना सांगते, कारण पोहण्याचा तलाव नसला तरी बाथरूम प्रत्येकाकडे आहे. क्लोरीनचं कुठलंही द्रावण आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसत्त्व, सगळी आम्लंच. तलाव म्हटला की पंपाच्या खोलीत लिक्विड क्लोरीनचे कॅन आले, पाण्याचा सामू (pH) उतरवायला आम्ल आलं, आणि ते सगळं एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर आजच वेगळं करा, दोन कोपऱ्यांत. क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर हीसुद्धा एकमेकांत मिसळायची नाही, एकाच मापानं दोन्ही काढायचीही नाही. त्यातून भडका उडू शकतो.

आता गड्याबद्दल. तुमचा राग समजतो, पण मला एक विचारायचं आहे. जाळी पुसणं हे त्याचं काम आहे, असं त्याला कधी कुणी सांगितलं होतं का? त्याला बाग सांगितली, तलावात पडलेली पानं काढायला सांगितली असेल. जाळीचं काम कुणाचंच नव्हतं, म्हणून ते झालं नाही. शिवाय उत्तरेची बाजू हिरवी पडण्यात सगळ्यात मोठा वाटा ज्याचा आहे त्याचं कौतुक तुम्ही पत्रात केलं आहे. मधुमालती. उत्तरेला आधीच ऊन कमी. त्यावर वेलाचा दाट पडदा. जुलै-ऑगस्टमध्ये ती जाळी दिवसच्या दिवस वाळतच नसणार. शेवाळाला आणखी काय हवं? वेलाचे कोवळे शेंडे जाळीच्या कडेनं आत घुसतात आणि जाड झाले की रबर उचकटतात. वेल मारू नका, सुंदर वेल आहे. त्याला हात-दीड हात लांब वेगळा मांडव करून द्या. आणि जाळीतून शेंडे ओढून काढायचे नाहीत, दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापायचे आणि मधला तुकडा वाळू द्यायचा, तो आपोआप सुटतो.

धुण्याची रीत सांगते. यात कौशल्य फारसं नाही, घाई मात्र चालत नाही.

सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत सुरुवात करा, कारण साबण जाळीवर वाळला की त्याचेच नवे डाग. पंपाचा आणि तलावातल्या दिव्यांचा मेन स्विच बंद. पाण्यावर ताडपत्री ओढा. साबणाचं पाणी तलावात गेलं तर फेस काढता काढता दोन दिवस जातील. पहिला हात कोरडाच फिरवायचा. लांब दांड्याच्या मऊ झाडूनं कोळिष्टकं आणि धूळ झटकून घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग धुळीचा चिखल करून तोच जाळीच्या भोकांत भरतात. गांधीलमाशांचं पोळं नाही ना, तेही याच वेळी दिसतं.

मग बागेच्या नळीनं हलकी धार. बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे पुरतात; रिठ्याचं पाणी असेल तर तेही उत्तम. गाडी धुवायचा मऊ ब्रश किंवा स्पंज घ्या. काथ्या, तारेची घासणी, खराटा यांतलं काही नको. साबण लावायचा खालून वर आणि धुवायचं वरून खाली. वरून लावत आलात तर ओघळ कोरड्या भागावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. आणखी एक युक्ती अशी, की एकानं आतून ब्रश फिरवताना दुसऱ्यानं बाहेरून हाताच्या तळव्यानं किंवा स्पंजनं जाळीला आधार द्यायचा. एकट्यानं दाबून घासलं की जाळी ताणली जाते आणि एकदा सैल पडलेली जाळी परत ताठ होत नाही. तुम्ही दोघं मिळून हे काम सहज कराल, फक्त कुणी कुणाला सूचना द्यायच्या हे आधी ठरवून घ्या.

शेवाळ बहुतेक एवढ्यानंच जाईल. कोपऱ्यातली काळी बुरशी उरली तर तेवढ्याच जागी ब्लीच वापरा. घरगुती ब्लीच साधारण ४-५ टक्क्यांचं असतं, त्याच्या एका भागाला दहा भाग पाणी. तलावासाठी आणता ते लिक्विड क्लोरीन १० ते १२ टक्क्यांच्या घरातलं, म्हणजे दुपटीहून तेज. त्याला पंचवीस भाग पाणी घाला. आधी दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून पाहा. पाच-सात मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही आणि भरपूर पाण्यानं धुऊन टाकायचं. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि हे गड्यासाठीही, "त्याला सवय आहे" असं म्हणून सोडून द्यायचं नाही. खालच्या झाडांवर आधी आणि नंतर साधं पाणी मारा.

पांढऱ्या ओघळांचं काम त्याच दिवशी काढू नका. ब्लीच धुऊन झाल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या. मग लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून, फडकं भिजवून ओघळावर थोडा वेळ धरा, पुसा, धुवा. ओघळ क्षाराचा असेल तर विरघळेल. विरघळला नाही आणि बोटाला खडबडीत, पिठासारखं लागत राहिलं तर ते अ‍ॅल्युमिनियमचंच गंजणं आहे. तिथे घासण्यात अर्थ नाही. कोरडं झालं की गाडीचं मेण लावून ठेवा, वाढ मंदावते. गंजाचा तपकिरी डाग दिसला तर तो स्क्रूचा असतो, सांगाड्याचा नाही. साधे लोखंडी स्क्रू काढून स्टेनलेसचे घालून घ्या. स्वस्तात स्वस्त आणि बहुतेक सगळ्यात उपयोगी काम हेच.

छताच्या जाळीसाठी वर चढायचं नाही. तो सांगाडा वारा सोसण्यासाठी आहे, माणूस तोलण्यासाठी नाही. खालून लांब दांड्यानं जेवढं होईल तेवढं करा, उरलेलं सेक्शनवाल्याच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं करणाऱ्याच्या माणसांना द्या. साठी उलटलेल्या माणसानं ओल्या लादीवर शिडी लावून चढणं, त्यात शिडीही अ‍ॅल्युमिनियमची आणि जवळून विजेची तार गेलेली, हे चित्र मला अजिबात आवडत नाही. मिस्टरांना मशीन चालवायचीच हौस असेल तर तलावाभोवतीच्या लादीवर चालवू द्या, तिथे शेवाळानं पाय घसरतो आणि तिथे जोर लागतोच. पसरट फवाऱ्याचं तोंड लावायचं आणि पाठ जाळीकडे ठेवायची.

आता ज्या जागेबद्दल तुम्ही एक ओळही लिहिली नाही, तिच्याकडे येते. सांगाड्याच्या तळाशी, जिथे जाळी संपते आणि जमीन सुरू होते, तिथे एक आडवा चॅनेल असतो. एकदा खाली बसून त्यात बोट फिरवा. काळा मऊ चिखल निघेल, त्यात मधुमालतीच्या कुजलेल्या पाकळ्या, मुंग्यांचे पंख, एखादी मेलेली पाल. तो चिखल बाजूला सारला की खाली बारीक भोकं दिसतील. आत आलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून ठेवलेली. ती बुजली की चॅनेलमध्ये बोटभर पाणी साठून राहतं, आणि बॅटरीच्या उजेडात त्या पाण्यात काही वळवळताना दिसलं तर दचकू नका. डेंग्यूच्या डासाला तेवढं साठलेलं पाणी पुरतं. अंड्यापासून उडणारा डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस लागतात. डास येऊ नयेत म्हणून बांधलेल्या जाळीच्या पायथ्याशीच डास वाढत असतात, आणि आपण मात्र वरचा हिरवा रंग बघून हळहळत असतो. खराट्याची हीर घेऊन ती भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर येतं का पाहा. हे आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात न चुकता. गड्याला नेमून द्यायचं असेल तर हे काम द्या, आणि पगारात त्याचे पैसे वेगळे धरा.

मांजाची चीर आता शिवून टाका. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो येतो, आणि आपल्याकडे येवल्यापासून नाशिकपर्यंत संक्रांत म्हटली की आभाळ भरलेलं असतं, तेव्हा दर जानेवारीनंतर जाळी एकदा फिरून बघायचीच. मांजा ओढून काढू नका, ओढला की तो करवतीसारखा चालतो, कापून काढा. त्यात पाखरूही अडकलेलं असू शकतं. टाचणीएवढं भोक असेल तर नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब पुरतो. बोटभर चीर मासेमारीच्या बारीक दोऱ्यानं शिवता येते. वीतभर असेल तर तेवढा एकच चौकोन बदलून घ्या. सातपूर-अंबडकडे खिडक्यांचे सेक्शन करणारे भरपूर आहेत, त्यांच्याकडे रबर दाबायचं चाकही असतं आणि हातही बसलेला असतो. नवा चौकोन जुन्यांपेक्षा काळाभोर दिसेल. दिसू दे.

सगळी जाळीच बदलायची वेळ आली आहे का, हे अंगठ्यानं कळतं. मधोमध हलकेच दाबा. जाळी लवचीकपणे परत आली तर ती चांगली आहे, मग ती कितीही हिरवी असो. दाबल्यावर बारीक कड्कड् आवाज आला, बोटाला पांढरी भुकटी लागली, धागे तुटले, तर उन्हानं लेप खाल्ला आहे. मग धुण्यात वेळ घालवू नका. दक्षिण आणि पश्चिमेच्या बाजू आधी जातात. उत्तरेची, म्हणजे तुम्हाला सगळ्यात खराब वाटणारी, कदाचित सगळ्यात धडधाकट निघेल.

इतर वाचकांसाठी, विशेषतः गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरीकडे ज्यांची घरं द्राक्षबागांना लागून आहेत त्यांच्यासाठी. तुमच्या जाळीवर एक पाचवा रंग असतो, निळसर पांढरा. तो बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागांवर फवारण्या सुरू झाल्या की ब्लोअरचा फवारा वाऱ्यावर येतोच. तो कोरडा झटकू नका, नाकातोंडात जातो. ओल्या फडक्यानं, मोजे घालून पुसा. आणि शेजाऱ्याशी भांडण्यापेक्षा फवारणीचा दिवस आदल्या संध्याकाळी कळवायची विनंती करा. त्या दिवशी तलावावर ताडपत्री टाकली की पाणी वाचतं. शेतकरी सांगतात, विचारलं तर.

वर्षाचा हिशोब मी असा ठेवीन. मेच्या अखेरीला फक्त कोरडी झटकणी, कारण तेव्हा शहरात पाण्याची ओढ असते आणि टँकरच्या पाण्यानं जाळी धुणं शोभत नाही. धूळ आधीच गेलेली असली की पहिले पाऊस जाळी फुकटात धुऊन देतात. नाही गेली तर तेच पाऊस तिचा लेप करतात. पावसाळा सरला की एकदा साबणाचं धुणं, म्हणजे आत्ताच. संक्रांतीनंतर चीर-भोकांची फेरी. दाराच्या बिजागऱ्यांना सिलिकॉनचा फवारा. तेल नको, तेलावर धूळ बसून दार करकरायला लागतं. एवढंच. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांना मात्र हे पुरणार नाही, तिथल्या पावसात श्रावणात मध्येच एक धुणं लागेल.

काढून टाकण्याबद्दल. तुम्हाला जाळीचा कंटाळा आला आहे की तलावाचा, हे एकदा स्वतःला विचारा. मला पत्र वाचून तलावाचा वाटला. पोहायला कोण उतरतं, हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. जुन्या नाशकातल्या रहाडी (जमिनीतले जुने हौद) कशा, रंगपंचमीला उघडायच्या, रंगात उड्या मारायच्या आणि परत फळ्या-माती टाकून वर्षभर बुजवून ठेवायच्या. तुमचा हौद बारा महिने उघडा आहे आणि बारा महिने क्लोरीन मागतो आहे. जाळी काढलीत तर काम कमी होणार नाही, वाढेल, कारण पानं, किडे आणि धूळ थेट पाण्यात येतील. दमणूक तलावाची असेल तर मुलाशी तलावाबद्दल बोला: वर्षातले काही महिने बंद ठेवायचा का, त्यावर पक्कं आवरण घालायचं का. परस्पर रिकामा मात्र करू नका. जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकामी टाकी खालच्या दाबानं उचलली जाऊ शकते, आणि तुमची जागा धरणाच्या बाजूची आहे. बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय तळाचं बूच काढायचं नाही.

आणि मुलगा काय म्हणेल? तो फ्लोरिडात राहतो, ताई. तिथला उन्हाळा म्हणजेच पावसाळा, दमट आणि उष्ण. तिथल्या जाळ्याही हिरव्या पडतात. त्या धुऊन देणं हा तिथे लोकांचा धंदा आहे. त्यानं तुम्हाला जाळी दिली, पण तिची निगा कशी राखायची ते सांगायचं राहून गेलं, किंवा सांगितलं आणि तुम्हाला ते तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. फोन करून सरळ विचारा की कुठली जाळी घातली होती, इंचाला किती धाग्यांची, कारण चौकोन बदलताना सेक्शनवाला तेच विचारणार आहे. या निमित्तानं मनावरचं ओझंही उतरेल. पाच वर्षं उन्हापावसात उभी असलेली वस्तू नवीसारखी दिसायला हवी, ही अट त्यानं घातलेली नाही, तुम्ही स्वतःला घातली आहे.

त्याला विचारायची दुसरी गोष्ट माझ्या मते पहिलीपेक्षा मोठी. फ्लोरिडात २००० सालापासून नव्या घरगुती तलावांना मुलांच्या सुरक्षेची काही ना काही सोय करणं कायद्यानं बंधनकारक आहे. जाळीची खोली ही त्यातली एक सोय धरली जाते, पण तिच्या दाराला अटी आहेत. दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, सोडलं की आपोआप मिटलं पाहिजे, कडी आपोआप बसली पाहिजे आणि ती जमिनीपासून किमान ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट उंच असली पाहिजे, मुलांचा हात पोचू नये म्हणून. आपल्याकडे सेक्शनवाले बहुतेक वेळा बाथरूमच्या दारासारखी कडी मधोमध लावतात आणि दार पावसाळ्यात अडकायला लागलं की वीट लावून उघडंच ठेवलं जातं. तुमच्या नाती लहान आहेत. जाळीच्या भरवशावर त्यांना अंगणात एकटं सोडायचं नाही, हे तर आहेच; मोठ्या माणसाची नजर हवीच, आणि तीही मोबाइलमध्ये नसलेली. शिवाय पंपाच्या लाइनवर विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ब्रेकर बसवलेला आहे ना, आणि त्याचं चाचणीचं बटण दाबल्यावर तो पडतो ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

म्हणून कामांचा क्रम मी थोडा उलटा लावीन. आधी दार, कडी आणि ब्रेकर, मग चॅनेल, मग मधुमालती, आणि त्यानंतर धुणं. सेक्शनवाल्यांना दिवाळीच्या तोंडावर फुरसत नसते, तेव्हा त्याला याच आठवड्यात बोलवा. दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून घ्या आणि तो समोर असतानाच दहा-बारा वेळा सोडून बघा, प्रत्येक वेळी कडी आपली आपण बसली तरच पैसे द्या. छताचा एखादा कोपरा हिरवा राहिला तर राहू द्या.